आरशाचा पारा आणि मागचा रस्ता

विधात्याने मनुष्याचे दोन्ही डोळे पुढच्या बाजूस बसविले. पायी चालणाऱ्याचे त्यामुळे फारसे अडत नाही. मागून बैलगाडी आली तर घुंगरांचा आवाज त्यास आधीच सावध करितो. मोटार हाकणाऱ्याची गोष्ट निराळी. सिंह काही अंतर चालून गेला म्हणजे मान वळवून मागे पाहतो, अशी कल्पना करून आपल्या शास्त्रकारांनी सिंहावलोकनन्याय सांगितला; परंतु धावत्या मोटारीत मान वळवील त्याचा घात ठरलेलाच. त्याने आपले सिंहावलोकन वीतभर लांबीच्या आरशातच केले पाहिजे. तो आरसा आंधळा झाला तर काय करावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे मढ हे गाव जुन्नर तालुक्यात, कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. माळशेज घाट चढून आल्यावर लागणाऱ्या गावांपैकी हे एक. पावसाळ्यात घाटमाथ्यावर असे धुके उतरते की, दहा पावलांवरचे माणूस दिसू नये. मालाने लादलेल्या मोठ्या गाड्या अहोरात्र ये-जा करीत असतात. अशा रस्त्यावर मागून काय येत आहे हे न कळणे म्हणजे प्राणाशी गाठ. आणि ज्या दमट हवेमुळे आरशाची येथे सर्वाधिक गरज लागते, तीच हवा आरशाचा सर्वाधिक नाश करिते.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी वडिलांच्या वेळची पद्मिनी मोटार आहे. तिच्या आतल्या आरशास कडेने काळे डाग पडत पडत मधली बोटभर जागाच काय ती स्वच्छ उरली होती. मुलगा म्हणे, बाजारातून नवा आणून लावू. वडील म्हणत, गाडीतली जुनी वस्तू जाऊ द्यावयाची नाही. पण अशा आरशानिशी सुनेस व नातवंडांस घेऊन घाट कसा उतरावा? दोघांचेही म्हणणे वाजवी होते. वाद मिटविण्यासाठी आरसा म्हणजे काय, हेच आधी पाहणे आम्हांस इष्ट वाटले.

या मोटारीचा इतिहास आपल्या घरचाच आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून मोटारी होऊ लागल्या, व त्यांतीलच एकीला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून ती घराघरांस ठाऊक झाली. २० वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता ज्या काही उरल्या आहेत, त्या बहुतेक अशाच कोणाच्या तरी मायेने.

मोटारीतल्या आरशाची कथा याहून जुनी आहे. १९०९ साली डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्रज बाईने स्त्रियांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिले, त्यात मागचा रस्ता पाहण्यास हातात धरण्याचा लहान आरसा जवळ बाळगावा असे सुचविले. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या पहिल्या शर्यतीत इतर चालकांबरोबर मागे पाहण्यास एकेक सोबती बसला होता. रे हॅरून हा एकटाच आरसा लावून निघाला आणि पहिला आला. मात्र विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की, त्यात काही दिसले नाही, असे त्याने मागाहून सांगितले. यातील बोध एवढाच की, काच कितीही उजळ असली तरी तिची दांडी ढिली असेल तर सर्व व्यर्थ.

आरसा बिघडला म्हणजे ‘पारा उडाला’ असे आपण म्हणतो. पूर्वी कथिल व पारा यांच्या मिश्रणाचा लेप काचेच्या पाठीस देत असत, त्या काळचा हा शब्द. १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने द्रावणातील चांदी काचेवर कशी बसते ते दाखविले, आणि पुढे पाऱ्याची जागा चांदीने घेतली. हा चांदीचा थर केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतका असतो. त्यावर तांब्याचा थर व वर रंग देऊन तो झाकतात. कडेचा रंग सुटला की ओल आत शिरते व चांदी काळवंडते. म्हणजे काच बहुधा जशीच्या तशी असते. बिघाड असतो तो तिच्या पाठीशी.

तेव्हा काचच बदलली तर काय बिघडते? पुष्कळ मोटारींच्या आतल्या आरशाखाली एक लहान खुंटी असते. अशा आरशाची काच एका कडेस जाड व दुसऱ्या कडेस पातळ, पाचरीसारखी असते. दिवसा आपण पाठीच्या चांदीतले प्रतिबिंब पाहतो. रात्री खुंटी ओढली की ते प्रखर प्रतिबिंब छताकडे वळते, व काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा शेकडा चारच्या आसपासचा प्रकाश तेवढा डोळ्यांस येतो. मागच्या गाडीचे दिवे दिसतात, पण डोळे दिपत नाहीत. त्या जागी काचवाल्याकडून साधा सपाट आरसा कापून बसविला तर गाडी देखणी दिसेल, परंतु हा गुण जाईल. बाहेरच्या बहिर्वक्र आरशाचेही तसेच. त्याची वक्रता बदलली की मागच्या गाडीचे अंतर भलतेच भासते.

म्हणून आमचे मत असे पडले की, काच जुनीच ठेवावी आणि चांदी नवी द्यावी. हे काम जाणत्याचे आहे. जुना रंग न खरवडता रसायनाने काढतात. तांबे व चांदी पातळ नत्राम्लाने विरघळवितात. मग काच इतकी निर्मळ करितात की तिच्यावर पाण्याचा थेंब गोळा होऊन न राहता सर्वत्र पसरावा. कथिलाच्या क्षाराचे सौम्य पाणी फिरवून ऊर्ध्वपातित पाण्याने ती धुतात. त्यानंतर सिल्व्हर नायट्रेट व अमोनिया यांचे द्रावण द्राक्षशर्करेच्या पाण्याशी मिसळून पाठीवर ओततात आणि काही मिनिटांत तेथे चांदी उतरते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. सिल्व्हर नायट्रेट व अमोनियाचे हे द्रावण बाटलीत भरून ठेवू नये. साठवून ठेविल्यास त्यात असा पदार्थ तयार होऊ शकतो की, जो नुसत्या धक्क्याने स्फोट पावतो. ते लागेल तेवढेच करावे आणि उरलेले जाणत्याने त्याच वेळी आम्ल घालून निकामी करावे. घरातील हौशी मुलांनी पुस्तक वाचून स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नये, असे आमचे निक्षून सांगणे आहे.

स्नेह्यांनी हे काम आरसे करणाऱ्या एका कारागिराकडून करविले. नव्या रंगाचा हात कडेवरूनही फिरविला, कारण ओल शिरते ती तेथूनच. दांडीचा सांधाही आवळला. मूळ चौकट राहिली म्हणून वडील संतुष्ट आणि रस्ता स्वच्छ दिसू लागला म्हणून मुलगा संतुष्ट. जुन्या वस्तूचा अभिमान धरणाऱ्या प्रत्येक घराने एवढे ध्यानात ठेवावे: ती वस्तू ज्या कामासाठी घडविली, ते काम ती करीत असली तरच ती खऱ्या अर्थाने जतन झाली. संस्कृतात आरशास ‘आदर्श’ म्हणतात. नुसता जपून ठेविलेला, पण ज्यात काही दिसत नाही, असा आदर्श गाडीत काय किंवा घरात काय, टांगून ठेवण्यात लाभ नाही.