भुताशी बोलून तर बघा!

हॉररपटाचा शेवट आपल्याला तोंडपाठ असतो. मंत्र, क्रॉस, पेटती मशाल, नाहीतर थेट बंदूक. भूत किंचाळतं, जळतं, संपतं. आपण उरलेले पॉपकॉर्न संपवतो आणि घरी जाऊन दिवा चालू ठेवून झोपतो! पण एका अ‍ॅनिमेशनपटात अकरा वर्षांचा पोरगा खवळलेल्या चेटकिणीसमोर रिकाम्या हातांनी उभा राहतो आणि... तिच्याशी चक्क बोलतो. सिनेमाचं नाव ‘पॅरानॉर्मन’. ‘या वयात कार्टून काय बघायचं?’ असं नाक मुरडणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सिनेमा सुचवते. (पुढे शेवट सांगितलाय. सस्पेन्स हवा असेल तर आधी सिनेमा बघून या!)

२०१२ सालचा हा सिनेमा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या ‘लायका’ स्टुडिओचा. २००९ मध्ये ‘कोरलाइन’ काढून पोरांबरोबर मोठ्यांचीही झोप उडवणारी हीच ती मंडळी. ख्रिस बटलर आणि सॅम फेल हे दिग्दर्शक. इथे खऱ्याखुऱ्या बाहुल्या आहेत बरं का. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी २४ फ्रेम्स. भाव बदलायचा तर चेहराच बदलायचा! एकट्या नॉर्मनसाठी रंगीत थ्रीडी प्रिंटरवर सुमारे ८,८०० चेहरे छापले होते. एवढी मेहनत कशाला, ते शेवटी कळतं. कारण तिथे अख्खा सिनेमा दोन चिमुकल्या चेहऱ्यांवर उभा आहे.

डेंजर नक्की कोण?

नॉर्मनला मेलेली माणसं दिसतात. घरातल्या सोफ्यावर बसलेल्या आजीच्या भुताशी तो आरामात गप्पा मारतो. वडील वैतागतात, शाळेत पोरं छळतात. त्याच्या गावाची, ब्लाइद हॉलोची, कमाई मात्र एका चेटकिणीच्या नावावर चालते. तीनशे वर्षांपूर्वी तिला फासावर चढवलं आणि तिने शिक्षा देणाऱ्या सात जणांना शाप दिला. दरवर्षी तिच्या थडग्यापाशी एक परीकथा वाचायची, म्हणजे ती झोपून राहते. यंदा ही ड्यूटी नॉर्मनवर येते आणि सगळाच घोळ होतो. ते सात जण झॉम्बी होऊन कबरीतून बाहेर येतात.

आता खरी गंमत. झॉम्बींना कुणाला खायचं नसतं, काहीतरी सांगायचं असतं! गावकरीच बंदुका आणि मशाली घेऊन त्यांच्यावर तुटून पडतात. घाबरलेली माणसं जमली की काय करतात, हे इतकं स्वच्छ मी फार कमी सिनेमांत पाहिलंय.

मग कळतं, चेटकीण म्हणजे अ‍ॅगी. वय वर्षं अकरा. नॉर्मनसारखीच मेलेल्यांशी बोलणारी. मोठी माणसं तिला घाबरली आणि त्यांनी तिला मारलं. एवढाच तिचा गुन्हा.

नॉर्मन परीकथेचं पुस्तक बाजूला ठेवतो आणि अ‍ॅगीला तिची स्वतःची गोष्ट सांगू लागतो. ती वीज होऊन त्याच्यावर कोसळते, तरी तो हटत नाही. आणि तो तिची नुसती समजूतही काढत नाही. ज्यांनी तुला छळलं, त्यांच्यासारखीच तू झालीस, हे तिला तोंडावर सुनावतो. मग तिच्यावर जीव लावणाऱ्या आईची आठवण करून देतो. अ‍ॅगी शांत होते. तीनशे वर्षं सगळ्यांनी तिला फक्त झोपवलं होतं. तिचं ऐकून घेणारा हा पहिलाच.

मला हा शेवट पटतो, कारण तो गोडगोड नाही. झालेला अन्याय कुणी पुसत नाही. नॉर्मनला भुतं दिसायची थांबत नाहीत, फक्त घरचे आता त्याला आहे तसा स्वीकारतात. आपल्या ऑफिसातही एखाद्यावर ‘सायको’ असा शिक्का बसतोच की! मग लंचला त्याच्या टेबलावर कुणी बसत नाही. फॉरवर्ड आणि कुजबूज जोरात चालू राहते. त्याला सरळ ‘काय झालंय?’ असं विचारायला किती जण जातात?

सेलमचं भूत

ही कथा हवेतून आलेली नाही. सिनेमातलं गाव आहे मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि तिथल्याच सेलमचे चेटकीण-खटले इतिहासात कुप्रसिद्ध आहेत. १६९२ मध्ये तिथे १९ जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. जेमतेम चार-पाच वर्षांच्या डोरोथी गुडलाही तुरुंगात टाकलं होतं. आज सेलमच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण असते. ब्लाइद हॉलोपेक्षा वेगळं काय?

त्या खटल्यांत दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन हिची फाशी टळली, पण नावावरचा डाग तसाच राहिला. तो पुसला गेला २०२२ मध्ये, म्हणजे तब्बल ३२९ वर्षांनी! त्यासाठी पाठपुरावा केला तिथल्याच एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी. त्यांनी तिचे कागद वाचले, तिची गोष्ट आमदारांपर्यंत नेली.

भूत उतरवायला मांत्रिकच लागतो असं कुणी सांगितलं? कधी कधी आठवीचा एक वर्ग पुरतो.