द क्रिस्टल एग

द क्रिस्टल एग (अर्थ: स्फटिकाचे अंडे) ही इंग्लिश लेखक एच.जी. वेल्स यांची विज्ञानकथा आहे. ती मे १८९७ मध्ये लंडनच्या 'द न्यू रिव्ह्यू' या मासिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि १८९९ मध्ये 'टेल्स ऑफ स्पेस अँड टाइम' या कथासंग्रहात समाविष्ट करण्यात आली. लंडनमधील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पडून असलेला अंड्याच्या आकाराचा स्फटिक, त्यातून दिसणारे मंगळ ग्रहाचे दृश्य आणि त्या स्फटिकाचे एका हातातून दुसऱ्या हातात जाणे हा कथेचा विषय आहे. परग्रहावरून आलेली गूढ वस्तू पृथ्वीवर सामान्य माणसांच्या व्यवहारात सापडते, या विज्ञानसाहित्यात पुढे रूढ झालेल्या कल्पनेचे हे आरंभीचे उदाहरण आहे.

== पार्श्वभूमी ==

१८७७ हे वर्ष मंगळाच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ असाफ हॉल यांनी मंगळाचे फोबोस व डायमोस हे दोन उपग्रह शोधले आणि इटलीत जोव्हान्नी स्क्यापारेल्ली यांनी ग्रहाच्या पृष्ठभागावर रेषा दिसत असल्याचे नोंदवले. त्या रेषांसाठी त्यांनी वापरलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ 'नैसर्गिक चर' असाही होतो, परंतु इंग्रजीत तो 'कालवे' असा रूढ झाला. कालवे असतील तर ते खोदणारेही असले पाहिजेत, हा तर्क मग ओघानेच आला. पर्सिव्हल लोवेल यांच्या १८९५ मधील 'मार्स' या पुस्तकाने त्याला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. पुढील निरीक्षणांनी हे कालवे अस्तित्वात नसल्याचे सिद्ध केले.

वेल्स यांनी लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये टी.एच. हक्सली यांच्याकडे जीवशास्त्राचे शिक्षण घेतले होते. मंगळावरील संभाव्य बुद्धिमान जीवांविषयी त्यांनी १८९६ मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये लेखही लिहिला होता. द न्यू रिव्ह्यू हे मासिकही त्यांना नवे नव्हते; त्यांची 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ मध्ये याच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती.

== कथानक ==

लंडनच्या सेव्हन डायल्स भागात केव्ह नावाच्या वृद्ध व्यापाऱ्याचे कळकट दुकान आहे. हस्तिदंत, अपुरा बुद्धिबळसंच, वाघांच्या कवट्या, कसर लागलेली पेंढा भरलेली माकडे आणि रिकामी काचपेटी अशा पसाऱ्यात स्फटिकाचे चकचकीत अंडे मांडलेले असते. एक धर्मोपदेशक आणि त्याच्यासोबतचा सावळा, काळ्या दाढीचा तरुण ते विकत घेण्यासाठी दुकानात येतात. गिऱ्हाईक परत जावे म्हणून केव्ह मुद्दाम पाच पौंड ही अवाच्या सवा किंमत सांगतो. ते तेवढे पैसे द्यायला तयार होताच, सकाळीच दुसऱ्या कोणीतरी या वस्तूची चौकशी केली आहे, अशी सबब तो पुढे करतो. केव्हची पत्नी मधे पडून अंडे विक्रीसाठीच असल्याचे सांगते. येथून घरात भांडण सुरू होते. पत्नी, सावत्र मुलगा आणि सावत्र मुलगी तिघेही केव्हच्या विरोधात उभे राहतात. मिळणाऱ्या पाच पौंडांत काय काय करायचे, याचे बेतही पत्नीने मनाशी आखलेले असतात. त्यांत स्वतःसाठी हिरव्या रेशमाचा पोशाख असतो.

केव्ह अंडे गुपचूप जेकोबी वेस या तरुणाकडे नेऊन ठेवतो. वेस एका रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात सहायक प्रात्यक्षिक-शिक्षक असून केव्ह त्याला मुशी माशांचे नमुने पुरवत असतो. दुकानात अंडे नाहीसे झाल्याचे पाहून घरात शोधाशोध आणि आरोप-प्रत्यारोप होतात, पण केव्ह काहीही कबूल करत नाही.

त्यानंतर केव्ह आपला शोध वेसला सांगतो. एका पहाटे अंधाऱ्या दुकानात खिडकीच्या झडपेच्या फटीतून आलेला किरण अंड्यावर पडला होता आणि अंड्याचा संपूर्ण अंतर्भाग प्रकाशाने भरून गेला होता. किरण अडवल्यावरही तो प्रकाश काही मिनिटे टिकून राहिला. नंतर केव्हला असेही आढळले की विशिष्ट दिशेने पाहिल्यास आत एका विस्तीर्ण प्रदेशाचे दृश्य दिसते. वेस पद्धतशीर नोंदी ठेवू लागतो. किरणाच्या दिशेशी सुमारे १३७ अंशांचा कोन साधून पाहिल्यास दृश्य सर्वांत स्पष्ट दिसते, हे तो निश्चित करतो. मात्र केव्हला जेवढे दिसते तेवढे वेसला दिसत नाही, आणि आणखी एका संशोधकाला तर प्रकाशाचा मागमूसही लागत नाही.

दृश्यात तांबूस कडे, मोठ्या इमारती, पाण्याचा रुंद कालवा आणि पंख असलेले, मोठ्या डोळ्यांचे, तोंडाखाली स्पर्शकांचा झुबका असलेले जीव दिसतात. इमारतींजवळ उंच खांब असून प्रत्येक खांबाच्या टोकाला तशीच चकाकणारी वस्तू बसवलेली असते. पंखधारी जीव अधूनमधून खांबावर येऊन त्या वस्तूत एकटक पाहत राहतात. रात्रीच्या आकाशात सप्तर्षी, कृत्तिका, रोहिणी आणि व्याध हे परिचित तारे असतात, पण चंद्र एक नसून दोन असतात आणि त्यांपैकी एकाची गती डोळ्यांना जाणवण्याइतकी जलद असते. तारे तेच आणि चंद्र दोन, यावरून ते स्थळ सूर्यमालेतीलच असून मंगळ असले पाहिजे, असा निष्कर्ष वेस काढतो. पंखधारी जीवांखेरीज तेथे पांढुरके, दोन पायांवर चालणारे प्राणीही दिसतात. त्यांपैकी एकाला एक पंखधारी जीव स्पर्शकांनी पकडतो आणि दृश्य तेथेच पुसट होते.

डिसेंबरमध्ये परीक्षेच्या कामामुळे वेसचे केव्हकडे जाणे दहा-अकरा दिवस खंडित होते. तो पुन्हा दुकानात जातो तेव्हा केव्हचे दफनही झालेले असते. पहाटे दुकानात केव्ह मृत आढळला होता. गार पडलेल्या हातांत अंडे घट्ट धरलेले होते आणि चेहऱ्यावर हसू होते.

== अंड्याचे हस्तांतरण ==

कथेत अंड्याचा मालकी-इतिहास तुकड्यातुकड्यांनी येतो, पण तो एकत्र जोडला तर सलग साखळी तयार होते. केव्हने ते दुसऱ्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या मालाच्या सक्तीच्या विक्रीत इतर किरकोळ वस्तूंबरोबर घेतले होते. त्या व्यापाऱ्याकडे ते कोठून आले, हे कथा सांगत नाही. केव्हने त्यावर दहा शिलिंग किंमत लावली. काही महिने गिऱ्हाईक न मिळाल्याने ती कमी करण्याच्या विचारात तो होता आणि त्याच सुमारास त्याला आतला प्रकाश दिसला. त्या काळी वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. म्हणजे धर्मोपदेशकाला सांगितलेले पाच पौंड मूळ किमतीच्या दहापट होते.

वेस हा अंड्याचा मालक कधीच नव्हता, तो केवळ राखणदार होता. अंडे सोबत नेण्याची मुभा केव्हने मागून घेतली होती, आणि मृत्यूच्या वेळी ते दुकानात होते याचे कारण हेच. कायद्याने वारसाहक्क पत्नीचा होता. धर्मोपदेशकाला पत्र लिहून पाच पौंड वसूल करण्याचा तिचा विचार होता, परंतु त्याचा पत्ता हरवला. मग तिने ग्रेट पोर्टलँड स्ट्रीटवरील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दुकानातील काही माल विकला आणि अंडे त्यात गेले. वेस तेथे पोहोचण्यापूर्वीच त्या व्यापाऱ्याने ते करड्या पोशाखातील एका उंच, सावळ्या गृहस्थाला विकले होते. त्या गृहस्थाचे नाव वा पत्ता व्यापाऱ्याकडे नव्हता. पाच पौंड देऊ पाहणारा पहिला तरुण जावामधील राजपुत्र असल्याचे कथेच्या अखेरीस कळते. त्याची उत्सुकता मात्र अगदी साधी होती: दुकानदार विकायला कां-कूं करतो आहे, म्हणून त्याला ती वस्तू हवी होती.

या साखळीत अंड्याचे खरे स्वरूप जाणणारे दोघेच होते. त्यांपैकी एक मरण पावला आणि दुसऱ्याचा अंड्यावर हक्क नव्हता. वेस वृत्तपत्रांत जाहिराती देतो, 'डेली क्रॉनिकल' आणि 'नेचर' या नियतकालिकांना पत्रे लिहितो. फसवणुकीच्या शंकेने दोन्ही नियतकालिके त्याला फेरविचार करायला सांगतात आणि संशोधक म्हणून त्याची प्रतिष्ठा धोक्यात येईल, असा इशाराही त्याला मिळतो. अंडे हाती नसल्याने त्याच्याजवळ दाखवण्यासारखा कोणताही पुरावा उरत नाही. वेल्स स्वतः 'नेचर'मध्ये लिहीत असत, हे ध्यानात घेतल्यास या प्रसंगातील उपरोध अधिक जाणवतो.

साखळीचे दुसरे टोक वेसच्या अनुमानात आहे. दोन स्फटिकांत काही अज्ञात संबंध असून एकातून दुसऱ्याच्या भोवतालचे दृश्य दिसते, असे तो मानतो. तसे असेल तर खांबावरील स्फटिकात पाहणाऱ्या मंगळवासीयाला केव्हचे दुकान दिसत असले पाहिजे. एकदा केव्हला दोन प्रचंड डोळे जवळजवळ समोरासमोर दिसले होते, हे त्याच्याशी जुळते. पृथ्वीवरील घडामोडी जवळून पाहता याव्यात म्हणून मंगळवासीयांनीच हा स्फटिक फार पूर्वी येथे पाठवला असावा, असे वेसला वाटते. मान्य केल्यास अंड्याचे मूळ मालक तेच ठरतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते हरवलेले नाही; ज्या घरात असेल तेथून ते आपले काम करतच आहे.

== वैशिष्ट्ये ==

कथेचा बराच भाग पाच पौंडांवरून झालेल्या घरगुती कलहाने व्यापला आहे. हे विषयांतर वाटण्याचा संभव आहे, पण मंगळाचे दृश्य विश्वसनीय होते ते त्यामुळेच. कुटुंबात कोणीही किंमत न देणाऱ्या केव्हला ते दृश्य हळूहळू आयुष्यातील सर्वांत खरी गोष्ट वाटू लागते, आणि अंडे न विकण्याचा त्याचा हट्ट त्यातून उलगडतो. निवेदक वेसच्या नोंदींवरून अहवालाच्या थाटात कथा सांगतो. कोन, दिशा आणि वेळा तो काटेकोरपणे देतो.

दूरवरचे हलते दृश्य एका लहानशा वस्तूत पाहण्याची कल्पना दूरचित्रवाणीच्या आधीची आहे. जॉन लोगी बेअर्ड यांनी जानेवारी १९२६ मध्ये लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवर दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक दाखवले; ती जागा सेव्हन डायल्सपासून पायी थोड्याच अंतरावर आहे. अर्थात वेल्स यांच्या कथेत कोणतेही विद्युत्-तंत्र नाही. तिची मुळे स्फटिकात भविष्य पाहण्याच्या जुन्या युरोपीय समजुतीत अधिक आहेत.

== द वॉर ऑफ द वर्ल्ड्सशी संबंध ==

ही कथा प्रसिद्ध झाली तेव्हा वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी 'पिअर्सन्स मॅगझिन'मध्ये एप्रिल ते डिसेंबर १८९७ या काळात क्रमशः येत होती. स्फटिकातून पृथ्वीची टेहळणी आणि नंतर आक्रमण, अशा क्रमाने दोन्ही कृती वाचता येतात. कालव्याकाठून जाणाऱ्या एका गुंतागुंतीच्या धातूच्या यंत्राचा कथेतील उल्लेखही कादंबरीतील यंत्रांची आठवण करून देतो. मात्र कथेतील जीव पंखधारी आहेत आणि कादंबरीतील मंगळवासीयांना पंख नाहीत. दोन्ही कृतींत एकमेकींचा थेट उल्लेख नाही.

== रूपांतरे ==

'टेल्स ऑफ टुमॉरो' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत १९५१ मध्ये या कथेवर आधारित भाग प्रसारित झाला. त्यात थॉमस मिचेल यांची प्रमुख भूमिका होती. 'द इन्फिनिट वर्ल्ड्स ऑफ एच.जी. वेल्स' या २००१ च्या मालिकेतही कथेचे रूपांतर आहे.