आईच्या रक्तातली नोंद

बायकोची किडनी नवऱ्याला चालते, मग नवऱ्याची बायकोला का चालत नाही? डायलिसिसवर असलेल्या बाईचा नवरा किडनी द्यायला तयार, रक्तगटही तोच, आणि तरी डॉक्टर मान हलवतात. असं एखाद्या घरात घडलं की पहिला संशय लॅबवर जातो. बहुतेक वेळा लॅब बरोबर असते. तिला त्या बाईच्या रक्तात एक जुनी नोंद सापडलेली असते. ती कशी सापडते, हे कळलं की थक्क व्हायला होतं.

प्रत्यारोपणाचं पहिलं दार रक्तगटाचं. तेही वाटतं तितकं साधं नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका अजब रक्ताची हकिकत छापली. नेहमीच्या तपासणीत ते रक्त ‘ओ’ दिसायचं, पण ‘ओ’ गटाचं रक्तसुद्धा त्याला चालत नव्हतं. ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवर निदान ‘एच’ नावाचा पदार्थ असतो. या माणसांकडे तोही नव्हता आणि त्यांचं रक्त त्याच्यावरच तुटून पडत होतं. जग आज त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. म्हणजे रक्तगट जुळला असं म्हणतानाही पेशींवर काय आहे एवढंच बघून भागत नाही. रक्तात कुणाविरुद्ध काय तयार आहे, तेही बघावं लागतं.

दुसरं दार एचएलए नावाच्या रेणूंचं. तांबड्या पेशी सोडल्या तर शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर हे रेणू बाळगतात. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडच्या बाजारात धान्याच्या पोत्याचं तोंड उघडून वर मूठभर नमुना मांडलेला असतो, तसं पेशीच्या आत जे तयार होतं त्याचे तुकडे हे रेणू बाहेर धरून ठेवतात. पांढऱ्या पेशी फिरताफिरता तो नमुना तपासतात. आत विषाणू शिरला असेल तर नमुना बदलतो आणि पेशी पकडली जाते. व्यवस्था आपल्या रक्षणासाठी आहे. किडनी बदलण्याचा विचार निसर्गाने केलेला नव्हता.

या रेणूंचे जगभरात नोंदलेले प्रकार चाळीस हजारांच्या वर गेले आहेत. ते ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असतात, त्यामुळे सहसा गठ्ठ्यानेच वारशात येतात: एक गठ्ठा आईचा, एक बापाचा. म्हणून आईबापाशी मूल अर्धं जुळतंच. सख्ख्या भावंडांचं मात्र नशीब. पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि काहीच न जुळण्याचीही चारात एक.

आता त्या बाईकडे येऊ. नऊ महिने तिने पोटात वाढवलं ते बाळ निम्मं नवऱ्याचं. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात शिरतात, आणि काही बायकांचं शरीर त्यातल्या परक्या अर्ध्या भागाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही, आईला पत्ताही लागत नाही. १९५८ साली नेदरलँड्समध्ये यान व्हान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं आढळली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी पुष्कळदा रक्त चढवलेल्या पेशंटांच्या मदतीने पहिला एचएलए प्रकार ओळखला. त्यांना पुढे १९८० साली नोबेल मिळालं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते यापुढच्या गोष्टीचं. डीएनए वाचण्याचं तंत्र येईपर्यंत, काही दशकं, कुणाचा एचएलए कोणता हे ओळखायला लॅबकडे मुख्य साधन होतं ते आयांचं सीरम. कुण्या अनोळखी बाईने आपल्या नवऱ्याच्या अमुक एका रेणूविरुद्ध प्रतिपिंडं केली, म्हणून परक्या माणसाच्या पेशीवर तोच रेणू आहे की नाही हे सांगता येत होतं. नोबेलच्या यादीत त्या बायकांची नावं असणं शक्य नव्हतं. पण हे शास्त्र त्यांच्या बाळंतपणांवर उभं राहिलं.

सीरम मौल्यवान, म्हणून ते पुरवून वापरायला हवं. १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांनी छोट्या खळ्यांची एक प्लास्टिकची तबकडी वापरात आणली. प्रत्येक खळीत मिलिलिटरचा हजारावा भाग सीरम, वर पांढऱ्या पेशी, मग सशाचं सीरम आणि शेवटी रंग. प्रतिपिंडं पेशीला चिकटली असतील तर सशाच्या सीरममधली प्रथिनं तिला भोकं पाडतात आणि रंग आत शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी चकचकीत ठिपक्यासारखी दिसते. मेलेली फुगून काळपट.

क्रॉसमॅच म्हणजे हाच खेळ: दात्याच्या पेशी, पेशंटचं सीरम. १९६९ साली रमेश पटेल आणि तेरासाकी यांनी आकडे मांडले. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी मेलेल्या, असताना बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. तेव्हापासून ही तपासणी केल्याशिवाय सहसा कुणी शस्त्रक्रियेला हात घालत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून घाबरू नका, इथे तीच चांगली बातमी.

यासाठी दात्याच्या पेशी लॅबमध्ये जिवंत पोचाव्या लागतात. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं डीएनए तपासणीचं रक्त वाट बघू शकतं, क्रॉसमॅचचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने शिरोळ तालुका वेढला होता. तशा दिवसांत कुरुंदवाडहून नळी पाठवायची कशी? म्हणून पेशंट आणि दाता दोघांनीच मोठ्या शहरात जाणं बरं. आता सीरमची वेगळी झडतीही घेतात. शंभरेक प्रकारचे सूक्ष्म रंगीत मणी, प्रत्येकावर एकेकच एचएलए. कोणत्या मण्याला प्रतिपिंडं चिकटली ते लेसर सांगतो. डायलिसिस चालू असताना रक्त चढवलं असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगावं. त्यानेही नवी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

नवऱ्याच्या शरीराने बायकोच्या पेशी अशा कधी पाहिलेल्याच नसतात, म्हणून उलट दिशेने गाडी बऱ्याचदा सुरळीत जाते. बायकोसाठीही वाट बंद नसते. २०११ च्या दुरुस्तीनुसार भारतातल्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात अदलाबदलीला परवानगी आहे. अशाच अडकलेल्या दुसऱ्या जोडप्याचा दाता हिला, हिचा नवरा त्यांच्या पेशंटला. चारही शस्त्रक्रिया शक्यतो एकाच दिवशी करतात, म्हणजे आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर कुणी मागे फिरायला नको.