कारखान्यातील जबाबदारीची वाटणी

लोणावळ्याच्या तलावांतील पाणी पोलादी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरून खोपोलीच्या वीजघरात येते, ही गोष्ट आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? 1915 सालापासून हा क्रम चालू आहे. पुढे 1922 साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. इंद्रायणीच्या वाटेने भीमेला आणि मग पूर्वसमुद्राला जायचे पाणी असे कोकणात वळले. हेतू मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्याचा. पण चक्र फिरवून झाल्यावर पाणी काही नाहीसे होत नाही. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते आणि भिवपुरीचे उल्हास नदीच्या खोऱ्यात. राजनाल्यावरचे कर्जतचे उन्हाळी भात त्याच पाण्यावर उभे राहते.

आता यांतली खुबी पाहा. वीज कोणत्या वेळी आणि किती करावयाची हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती खालच्या नदीची पातळीही असते. त्याच्या कामाच्या कागदावर नदीचे नाव असो वा नसो. आज आम्हांस जो विषय मांडावयाचा आहे, त्याची किल्ली आम्हांला येथेच सापडते. निर्णय जेथे होतो, तेथेच परिणाम जन्माला येतो. जबाबदारी मात्र आपण बहुधा दुसरीकडेच ठेवतो.

‘शाश्वतता’ हा शब्द अलीकडे कारखानदारीत फार ऐकू येतो. 1987 साली ब्रुंटलँड आयोगाने त्याचा जो अर्थ सांगितला, तो साध्या मराठीत असा: आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या ताटातले काढून घ्यावयाचे नाही. तत्त्व कोणालाही पटेल. प्रश्न असा की, चार-पाचशे माणसांच्या कारखान्यात हे काम नेमके कोणी करावयाचे?

समजा, खालापूर तालुक्यात रद्दीपासून कागद करणारी एक गिरणी आहे. तिच्यात खरेदीखाते आहे, उत्पादनखाते आहे, विक्री, देखभाल, हिशेब आहे. आणि कुंपणाच्या शेवटच्या कोपऱ्यात सांडपाणी शुद्ध करण्याची जागा आहे, जिला कामगार ‘ईटीपी’ म्हणतात. तिच्यावर पर्यावरण अधिकारी नेमलेला आहे. नदीची काळजी याने वाहावी, अशी सर्वांची समजूत.

खरेदीखात्याने स्वस्त रद्दी आणली. तीत शाई, माती, प्लॅस्टिक जास्त. खरेदीवाल्याची पाठ थोपटली गेली. त्या रद्दीतून निघालेला गाळ मात्र कोपऱ्यात जमला. विक्रीखात्याने गिऱ्हाइकाला जवळची तारीख दिली, म्हणून यंत्र थांबवणे अशक्य झाले. रात्रपाळीत यंत्र धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरला आणि ते पाणी एकदम गटारात सोडले. ईटीपीतल्या टाकीत घाण खाणारे सूक्ष्म जंतू असतात. तीच तेथली खरी कामकरी मंडळी. त्यांना हवा लागते, बेताचे अन्न लागते आणि अचानक आलेला सोडा किंवा आम्ल त्यांना सोसत नाही. एका रात्रीत ती मरतात आणि पुन्हा जोम धरायला कित्येक दिवस घेतात. त्यांना हवा पुरवणारे ब्लोअर रात्रंदिवस चालावे लागतात; पण विजेचे बिल पाहून हिशेबखाते म्हणते, थोडे कमी चालवा. यांत अपराधी कोण? प्रत्येकाने आपापले काम चोख केले आहे! बारभाईची शेती, काय लागेल हाती, अशी जुनी म्हण आहे. येथे मात्र जे लागते ते नदीच्या हाती लागते.

त्याच गिरणीतील आणखी एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. यंत्रावरच्या जाळीतून पाण्याबरोबर कागदाचा बारीक तंतू निसटतो. उत्पादनखाते त्याला ‘घट’ म्हणते. ईटीपीवाला त्यालाच ‘गाळ’ म्हणतो आणि तो उचलून नेण्याचे भाडे मोजतो. म्हणजे एकच तंतू दोन वह्यांत दोन नावांनी, दोन्हीकडे तोट्यातच नांदतो आणि त्या वह्या कोणी शेजारी ठेवून पाहात नाही. ठेवल्या, तर तंतू अडवून परत लगद्यात घालणारे यंत्र किती दिवसांत आपली किंमत फेडील, हे एका संध्याकाळी कळेल. नदीचे भले आणि गल्ल्याचे भले दर वेळी वैरी असतातच असे नाही.

जबाबदारी खाली ढकलण्याची ही खोड कायद्याच्याही ध्यानात आली आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात कारखान्याचा ‘भोगवटादार’ जबाबदार धरला होता. कंपन्या त्या जागी एखाद्या नोकराचे नाव देत. भोपाळची 1984 ची दुर्घटना झाली आणि 1987 साली कायदा सुधारून कंपनीच्या संचालकांपैकीच एक जण भोगवटादार मानला जाईल असे ठरले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीतील किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास लावले. पण धंद्याच्या नेहमीच्या कामाचा खर्च त्यात धरता येत नाही. शाळेत वह्या वाटल्या म्हणून गटाराचा हिशेब फिटत नाही, हे बरेच झाले. भांडवलबाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना 2022-23 पासून पाणी, ऊर्जा, कचरा यांचे आकडे ‘सेबी’च्या नियमाप्रमाणे द्यावे लागतात. येथे नवा धोका असा की, अहवाल लिहिणारे आणखी एक खाते निघते आणि बाकीची खाती सुटकेचा श्वास टाकतात.

मग वाटणी करावी तरी कशी? आमचे मत असे की, पर्यावरण अधिकाऱ्याने ओझे वाहू नये, मोजावे. प्रत्येक खात्याच्या गटारावर मापक बसवावा आणि शुद्धीकरणाचा खर्च त्या त्या खात्याच्या नावे टाकावा. स्वस्त रद्दीच्या किमतीत तिच्या गाळाचे भाडे मिळवले, की खरेदीवाला आपोआप दुसरी रद्दी शोधू लागेल. सोडा सोडण्याआधी रात्रपाळीच्या सुपरवायझरने ईटीपीला फोन करावा आणि तेथून ‘थांबा’ आले, तर यंत्र थांबवण्याचा अधिकार त्या माणसाला असावा. अधिकारावाचून जबाबदारी देणे म्हणजे बळीचा बकरा बांधून ठेवणे होय. आणि दोन खात्यांच्या सांध्यावर जे पडते, ते उचलण्यास एक संचालक नावानिशी नेमलेला हवा. कारण पाणी सांध्यातूनच गळते.

छोट्या कारखानदारांना हे सारे अवघड वाटेल. चाळीस माणसांच्या कारखान्यात खाती कसली? तेथे मालकच खरेदी करतो आणि मालकच तारीख देतो. त्याला हे उलट सोपे आहे. दोन्ही वह्या त्याच्याच टेबलावर असतात.

आपणां नागरिकांचा यांत काय संबंध, असे कोणी विचारील. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे औद्योगिक वसाहतींबाहेरील अनेक मोठ्या प्रकल्पांना परवानगीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तेथे आपण नोकऱ्यांविषयी विचारतो, रस्त्याविषयी विचारतो, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: रात्री दोन वाजता ईटीपीवरच्या माणसाने ‘यंत्र थांबवा’ म्हटले, तर तुमच्या कारखान्यात ते थांबेल काय, आणि हे कोणत्या कागदावर लिहिले आहे?