परदेशी पासपोर्टवर दिल्लीत सिम मिळतं

न्यू जर्सीहून किंवा लंडनहून भाचा येणार म्हटलं की दिल्ली-नोएडाच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘त्याच्याकडे आधार कुठंय? सिम मिळायचं नाही. मामांच्याच नावावर एक काढून ठेवा.’ मग मामा करोल बागेतल्या ओळखीच्या दुकानात जातात, स्वतःचं आधार दाखवून प्रीपेड सिम घेतात आणि विमानतळावर हारतुऱ्यासारखं भाच्याच्या हाती देतात. पाहुणचार म्हणून छानच. पण गरज शून्य, आणि जोखीम सगळी मामांची.

परदेशी नागरिकाला भारतात प्रीपेड सिम त्याच्या पासपोर्टवर आणि व्हिसावर मिळतं. ई-व्हिसा असेल तर त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. सोबत फोटो आणि इथला पत्ता लागतो. हॉटेलचा किंवा मामांच्या घरचा, कुठलाही चालतो. व्हिसाची मुदत संपली की सिमचीही संपते. आधारचा यात कुठेच संबंध नाही. येऊ कसा शकेल? परदेशी नागरिकाला आधार काढायचं तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. पंधरा दिवसांसाठी आग्रा-जयपूर बघायला आलेल्याकडे ते नसणारच, आणि तरीही दरवर्षी लाखो परदेशी पर्यटक इथे फोन वापरतात.

हा समज आला कुठून ते कळतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, तेव्हा आधार नंबर आणि अंगठा दिला की सिम चालू, अशी सवय लागली. मार्च २०१७ मध्ये दूरसंचार विभागानं जुने नंबरही आधारशी जोडायला सांगितले, आणि वर्षभर ‘आपका नंबर बंद हो जाएगा’चे मेसेज येत राहिले. ती सक्ती सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द केली. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन ओळखीच्या पर्यायांत पासपोर्टचं नाव स्पष्ट लिहिलं गेलं, आणि आधार नाही म्हणून कुणाला सेवा नाकारता येणार नाही, हेही. इतकी वर्षं उलटली तरी आपल्याला आठवतात ते मेसेज. निकाल आठवत नाही.

‘पण दुकानदारच नाही म्हणाला!’ हे उत्तरही ठरलेलं. म्हणाला असेल. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याचं रोजचं गिऱ्हाईक आधारवालं असतं. परदेशी पासपोर्टची भानगड त्याला नको असते. त्याची गैरसोय म्हणजे देशाचा कायदा नव्हे. विमानतळावर टर्मिनल ३ चा काउंटर आहे, कॅनॉट प्लेसला कंपन्यांची स्वतःची दुकानं आहेत. तिथे जा. सिम चालू व्हायला काही तास लागू शकतात, तेवढा धीर धरा.

आता मामांच्या सिमचं काय होतं ते पाहा. नंबर त्यांच्या नावावर, फोन भाच्याच्या खिशात. त्या नंबरवरून काही घडलं, किंवा फोन पहाडगंजात चोरीला गेला, तर विचारणा पहिली मामांकडे. भाचा परत जातो, सिम पाकिटात विसरतो. तीन-चार महिन्यांनी न वापरलेला नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला दिला जातो. त्यावर उघडलेलं व्हॉट्सअ‍ॅप, बुकिंगची खाती, सगळं लोंबकळत राहतं. शिवाय एका माणसाच्या नावावर नऊच सिम चालतात. दर हिवाळ्यात पाहुणे येणाऱ्या घरांनी ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते एकदा बघावंच.

याहून वाईट प्रकार म्हणजे बाजारात मिळणारं ‘चालू सिम’, दुसऱ्याच कुणाच्या कागदांवर आधीच सुरू केलेलं. अशा विक्रीवर बंदी आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार फसवणुकीनं किंवा तोतयेगिरीनं सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं सांगितलं होतं की बनावट कागदांवरची ५२ लाख कनेक्शन तोडली आणि ६७ हजार विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकलं. ‘इथं सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत.

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मंडळींचा गोंधळ वेगळाच. ते भारतीय नागरिक आहेत. सिमला त्यांचा पासपोर्ट पुरतो, आणि आधार हवंच असेल तर १८२ दिवसांची अट त्यांना नाही.

उरलेले समज किरकोळ. ‘विमानतळावर सरकार फुकट सिम देतं’ : फेब्रुवारी २०१७ मध्ये ई-व्हिसावर येणाऱ्यांना बीएसएनएलचं सिम देण्याची योजना दिल्लीतूनच सुरू झाली होती, त्यात पन्नास रुपयांचा टॉकटाइम आणि पन्नास एमबी डेटा. आज त्या भरवशावर उतरू नये. ‘दिल्लीचं सिम गुडगावात रोमिंगवर जातं’ : गुडगाव, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद हे दिल्लीच्याच सर्कलमध्ये येतात. ‘ई-सिम घेतलं की सगळं सुटलं’ : परदेशी कंपन्यांच्या प्रवासी ई-सिमवर इंटरनेट चालतं, पण भारतीय नंबर सहसा मिळत नाही, त्यामुळे इथल्या ज्या अ‍ॅपना भारतीय नंबरवरच ओटीपी पाठवायचा असतो ती अडून बसतात. घ्यायचंच असेल तर निघण्याआधी घ्या; जानेवारी २०२४ मध्ये अशा दोन मोठ्या कंपन्यांची, एअरालो आणि होलाफ्लाय यांची, अ‍ॅप भारतातल्या स्टोअरमधून हटवली गेली.

आणि ‘एकदा दिल्लीत सिम घेतलं की भारतभर चालतं’ हे जवळजवळ खरं आहे. पण दिल्लीहून पुढे श्रीनगर किंवा लेहचा बेत असेल तर बाहेरचं प्रीपेड तिथे बंद पडतं. पोस्टपेड चालतं. तिथे मामांचा पोस्टपेड फोन उपयोगी पडेल, पण मामांना बरोबर न्यावं लागेल.