आयपीएचा वाद: हॉप केव्हा घालायचं?

क्राफ्ट बीअरच्या शौकिनांना आवडती आयपीए कोणती एवढंच विचारावं, टेबलावर लगेच दोन तट पडतात. एकीकडे कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाच्या रशियन रिव्हर ब्रुअरीची ‘प्लिनी द एल्डर’, दुसरीकडे व्हरमाँटच्या ‘द अल्केमिस्ट’ची ‘हेडी टॉपर’. दोन्ही डबल आयपीए, दोन्हींत अल्कोहोल ८ टक्के. तरी पेल्यात त्या एका कुळातल्या वाटत नाहीत. प्लिनी सोनेरी आणि नितळ. नाकाशी नेताच पाइनच्या डिंकाचा आणि ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास येतो, आणि घोट उतरल्यावर कोरडा कडूपणा जिभेवर रेंगाळतो. हेडी टॉपर न गाळलेली, गढूळ. तिच्यात कडूपणापुढे पीच आणि संत्र्याचा गंध धावतो. हा गंध उडून जाऊ नये म्हणून पेल्यात न ओतता थेट कॅनमधूनच प्या, असं त्या कॅनवरच छापलेलं असतं.

या भांडणाचं मूळ हॉपच्या फुलात आहे. हॉपचा वेल गांजाच्या कुळातला. त्याचं हिरवं, खवल्याखवल्यांचं फूल तळहातांमध्ये चोळलं की आतली पिवळी, चिकट भुकटी हाताला लागते. तिच्यात कडूपणा देणारी आम्लं असतात आणि सुगंधी तेलंही. आम्लांचा कडूपणा उतरायला माल्टचं पाणी तासभर उकळावं लागतं. तेलं मात्र तेवढ्या उकळीत वाफेबरोबर निघून जातात. म्हणून ब्रुअर काही हॉप आरंभी घालतो, काही शेवटी, आणि काही तर बीअर आंबताना किंवा आंबून झाल्यावर थंड टाकीत. आमटीवर कोथिंबीर अखेरीस घालतात, तेच इथलं शहाणपण. प्लिनीच्या तटाचे वेस्ट कोस्टवाले कडूपणाला मान देतात. हेडी टॉपरच्या तटाचे न्यू इंग्लंडवाले उशिराच्या हॉपवर भर देतात आणि ओट्स, गहू घालून बीअर मऊ, दाट करतात.

आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’. या बीअरच्या नावात आपला देश आला तो समुद्रमार्गे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर बीअर देई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, ती काही महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला पोचे. ही बीअर खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही दंतकथाच आहे. फिक्या रंगाची एल इंग्लंडात आधीपासून होती, आणि काळी पोर्टरही इकडे भरपूर येत होती. पुढे १८२२ च्या सुमारास बर्टन-ऑन-ट्रेंटच्या ऑलसॉप यांनी हॉजसनच्या तोडीची बीअर काढली. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात हॉपचा कडूपणा स्वच्छ आणि खणखणीत उतरला, आणि ऑलसॉप, बास यांनी बाजार जिंकला. वेस्ट कोस्टचे ब्रुअर आजही पाण्यात जिप्सम घालतात. गढूळ आयपीएवाले मऊपणासाठी क्लोराइड वाढवतात.

विसाव्या शतकात इंग्लंडात ही बीअर पार सौम्य झाली. तिला पुन्हा जोम आला अमेरिकेत. १९७२ मध्ये तिथे ‘कॅस्केड’ हे लिंबूवर्गी वासाचं हॉप शेतकऱ्यांना मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ च्या ‘लिबर्टी एल’मध्ये ते वापरलं. १९९४ मध्ये विनी सिलुर्झो यांनी ‘ब्लाइंड पिग’ ब्रुअरीत दुप्पट हॉपची बीअर केली, आणि पुढे प्लिनीही त्यांच्याच हातून आली. पूर्वेकडे ‘द अल्केमिस्ट’च्या जॉन किमिक यांचा वॉटरबरीतला पब २०११ च्या आयरीन वादळाच्या पुरात उद्ध्वस्त झाला. पण त्यांची कॅन भरण्याची नवी जागा तगली, आणि त्याच दिवसांत हेडी टॉपर कॅनमधून बाहेर पडली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने गढूळ आयपीएला स्वतंत्र शैली म्हणून मान्यता दिली.

माझं मत विचाराल तर कडूपणाशिवाय आयपीए नाही, म्हणून माझा कौल वेस्ट कोस्टला. पण दोन्ही तटांचं एका बाबतीत एकमत आहे, आणि तेच मला सर्वांत मोलाचं वाटतं: आयपीए ताजीच प्यावी. कंपनीच्या काळात महिनोन्‌महिने पिंपात राहून बीअर मुरत असे. आजच्या आयपीएचा गंध काही आठवड्यांतच उतरू लागतो. उष्णता, उजेड आणि हवा हे त्याचे वैरी. शिळी प्लिनी आणि शिळी हेडी टॉपर यांची तुलना करणं दोघींवरही अन्याय आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही ब्रुअरी सुरू झाल्यापासून टाकीतून थेट पेल्यात येणारी बीअर महाराष्ट्रातही मिळू लागली आहे. आयपीए आधी अशा ठिकाणी ताजी चाखा. बाटली घेणार असाल तर नावाआधी भरल्याची तारीख वाचा, आणि मग खुशाल वाद घाला.