दोषाची साक्ष आणि तिची चिकित्सा

हस्तलिखितातील चूक दुरुस्त करण्याची घाई करू नये. आधी ती जशी आहे तशी नोंदवावी, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली व १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच शिस्तीवर उभी आहे. संहितेखाली दिलेले पाठभेद हे तिचे केवळ अलंकरण नव्हे, तर पुढील अभ्यासकासाठी राखून ठेवलेली साक्ष आहे. भाषेच्या अभ्यासकाने संगणकाविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु हीच शिस्त संगणकशास्त्राच्या एका दालनात किती कसोशीने पाळावी लागते, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे मांडावे असे वाटते.

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामध्ये कर्नल नावाचा एक गाभा असतो. स्मृतीचे वाटप, यंत्रभागांशी व्यवहार, कोणास काय दिसावे याचा निर्णय ही त्याची कामे. लिनक्स हा असाच एक गाभा. हेलसिंकी येथे शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो प्रसृत केला आणि आज जगभरातील हजारो लेखक त्यात भर घालीत असतात. त्याच्या पोटात प्रत्येक यंत्रभागासाठी ड्रायव्हर नावाचा स्वतंत्र लेखनखंड असतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. इंटेल कंपनीच्या चित्रप्रक्रियकाचा, म्हणजे पडद्यावरील चित्रे घडविणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर लिनक्समध्ये आय-नऊशे-पंधरा या नावाने ओळखला जातो. हा प्रक्रियक कधी कधी एखाद्या आज्ञेपाशी अडकून पडतो. काम पुढे सरकत नाही असे दिसताच ड्रायव्हर त्यास पूर्ववत अवस्थेत आणतो. वापरणाऱ्यास पडदा क्षणभर थबकल्यासारखा वाटतो, इतकेच. परंतु पूर्ववत करण्याच्या या क्रियेतच अडकण्याचे कारण सांगणाऱ्या खुणा पुसल्या जातात. अपघातानंतर वाहने हलविण्यापूर्वी पंचनामा करावा लागतो, तसाच येथेही करावा लागतो. प्रक्रियक कोणत्या आज्ञेवर थांबला होता, त्याच्या रजिस्टरांत, म्हणजे अंतर्गत नोंदकोशांत, कोणती मूल्ये होती, कोणता आज्ञासंच चालू होता, या सर्वांची नक्कल काढून ठेवतात. तिला त्रुटी-अवस्था म्हणतात. ती एका फाइलीच्या रूपाने वाचावयास मिळते.

अशी नोंद करणारा लेखनखंड गाभ्यात घेण्यापूर्वी इतर जाणकार तो ओळीओळीने तपासतात. या परीक्षणात पाच प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात.

पहिला प्रश्न असा की, पाहण्याने साक्ष बिघडते काय? काही रजिस्टरे वाचताच रिकामी होतात. काहींतील खूण विशिष्ट मूल्य लिहिले की पुसते. कोणी फाइल उघडील तेव्हा यंत्राला नव्याने विचारावयाचे ठरविले, तर पहिला वाचकच पुरावा नष्ट करील. म्हणून दोषाच्या क्षणी एकदाच नक्कल काढावी आणि पुढे सर्वांना ती नक्कलच दाखवावी.

दुसरा प्रश्न : नोंद करणाराच अडकणार नाही ना? हा लेखनखंड संकटकाळी चालतो. त्याने नोंदीसाठी स्मृती मागितली आणि ती मोकळी होण्यासाठी त्या अडकलेल्या प्रक्रियकाचीच वाट पाहावी लागली, तर दोघेही एकमेकांसाठी कायमचे खोळंबतील. म्हणून स्मृती न मिळाल्यास नोंद अपुरी सोडावी, पण यंत्र सावरण्याचे काम थांबवू नये, असा दंडक आहे.

तिसरा प्रश्न आयुष्याचा. एकजण नोंद वाचीत असताना दुसऱ्याने ती पुसली तर? यासाठी नोंद किती जणांच्या हाती आहे याची मोजदाद ठेवतात. शेवटच्याने हात सोडल्यावरच ती मोकळी होते. शिवाय आय-नऊशे-पंधरामध्ये पहिल्या अडथळ्याची नोंद कोणी मुद्दाम पुसेपर्यंत राखून ठेवली जाते, नंतरचे अडथळे तिच्यावर लिहिले जात नाहीत. पुढचे दोष पुष्कळदा पहिल्याचे परिणाम असतात. मूळ कारण पहिल्यात सापडण्याचा संभव अधिक.

चौथा प्रश्न मर्यादेचा आहे. या नक्कलेत वापरणाऱ्याच्या पडद्यावरील मजकुराचे अंश येऊ शकतात. म्हणून ती फाइल केवळ यंत्राच्या व्यवस्थापकासच वाचता येते. गाभ्यातील स्मृतिपत्तेही उघडे पडल्यास घुसखोरास वाट सापडते. २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीपासून असे पत्ते सामान्य छापील रूपात झाकूनच दाखविले जातात. शोधासाठी सत्य उघडे करावे, पण ते कोणासमोर, याचा विवेक सुटता कामा नये.

पाचवा प्रश्न वचनाचा. ‘डीबगएफएस’ या विभागात ठेवलेली नोंद ही लेखकांच्या कामापुरती असते. तिच्या रूपात बदल करण्यास मोकळीक असते. ‘सिसएफएस’ या विभागात ठेवलेल्या नोंदीवर मात्र बाहेरील आज्ञावल्या विसंबतात आणि त्यांचे चालणारे काम मोडू नये हा लिनक्समधील जुना व कठोर नियम आहे. तेव्हा जागा निवडणे म्हणजेच भविष्याशी करार करणे होय. २०१४ मध्ये सर्व ड्रायव्हरांसाठी एक समाईक सोयही निर्माण झाली. तिच्यात कोणी नोंद उचलली नाही, तर ती मूळ योजनेनुसार पाच मिनिटांनी आपोआप काढून टाकली जाते.

परीक्षक आपले नाव लेखनाखाली नोंदवितो. त्या सहीने निर्दोषत्वाची हमी मिळत नाही. आपण हे लक्षपूर्वक पाहिले आणि ते स्वीकारण्यास योग्य वाटते, एवढीच जबाबदारी तो घेतो. या नम्रतेत मोठे शहाणपण आहे.

दोष सर्वत्र घडतात. कित्येक दोष महिन्यातून एकदाच उद्भवतात आणि तेही प्रयोगशाळेत नव्हे, तर दूरच्या एखाद्या घरात, जेथे तज्ज्ञ पोहोचू शकत नाही. त्या घरातून आलेली एक प्रामाणिक नोंद हीच तज्ज्ञाची दृष्टी असते. ती खोटी, अर्धवट किंवा पुसलेली असेल तर दोष तसाच राहतो आणि पुढच्या कोणास तरी भोवतो. आपल्या शाळेचे जे विद्यार्थी आज यंत्रांच्या, रुग्णालयांच्या वा हिशेबांच्या कामात आहेत, त्यांनी आपापल्या क्षेत्रात एवढेच पाहावे : चूक झाकणारी व्यवस्था आपण उभारीत आहोत, की तिची साक्ष जपणारी?